पर्समधली बाटली

मूल आठ-नऊ महिन्यांचं झालं तरी मान धरत नाही, दोन वर्षांचं झालं तरी हाकेला वळून बघत नाही, किंवा खेळता खेळता एकदम डोळे फिरवतं, हातपाय ताठ करतं. एवढं झालं की त्या घरात सल्ल्यांचा भडिमार सुरू होतो. सासूबाई म्हणतात, आधी दृष्ट काढा. नणंद म्हणते, आमच्या ओळखीच्या एका वैद्यांकडे चूर्ण मिळतं. शेजारच्या काकू म्हणतात, गोड गोळ्यांना काही साइड इफेक्ट नसतो, सुरू करून तर बघ. ऑफिसातली मैत्रीण मोबाइलवर कुठल्यातरी डाएटची माहिती पाठवते. आणि लोकलच्या डब्यात चिकटवलेला कागद छातीठोकपणे सांगतो, 'फिट्स, लकवा, मतिमंदत्व... हमखास इलाज!'

या सगळ्या सल्ल्यांना बहुतेक वेळा एक शेपूट जोडलेलं असतं. 'मात्र डॉक्टरांना सांगू नकोस हं, ते रागावतात!'

मला विचाराल, तर सगळ्यांत घातक सल्ला हाच. चूर्ण चांगलं की वाईट, मालीश करावी की नाही, डाएटचा उपयोग होतो का, यावर वाद होऊ शकतो. पण आईने पर्समध्ये एक बाटली लपवून डॉक्टरांसमोर बसायचं, यात मुलाचं भलं नाही, याबद्दल वाद व्हायला नको.

हल्ली ठाण्यात, डोंबिवलीत, कल्याणात 'इंटिग्रेटेड ट्रीटमेंट'च्या पाट्या दिसतात. मराठीत याला एकात्मिक उपचार म्हणतात. म्हणजे मेंदूविकारतज्ज्ञांच्या औषधांबरोबर फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, स्पीच थेरपी, योग, आहार, आयुर्वेद असं सगळं एकमेकांना धरून चालवायचं. कल्पना चांगलीच आहे. पण प्रत्यक्षात काय होतं? सकाळी फिट्सची गोळी, दुपारी वैद्यांचं चूर्ण, संध्याकाळी तिसऱ्याच ठिकाणी थेरपी, रात्री आजीचं तेल. या चौघांनी एकमेकांचं तोंडसुद्धा पाहिलेलं नसतं. कोण काय देतंय हे फक्त आईला ठाऊक, आणि तिला तर गप्प बसायला सांगितलेलं! याला एकात्मिक म्हणत नाहीत, खिचडी म्हणतात.

या खिचडीने काय होऊ शकतं, याचं उदाहरण आपल्या परळच्या केईएम हॉस्पिटलमधलंच आहे. फेनिटॉइन हे फिट्सवरचं जुनं, खात्रीचं औषध. ते घेणाऱ्या दोन रुग्णांच्या फिट्स आटोक्यात होत्या, त्या अचानक पुन्हा सुरू झाल्या. गोळ्या तर चुकल्या नव्हत्या. रक्त तपासलं तर औषधाचं प्रमाण खाली आलेलं. चौकशीत कळलं की दोघंही शंखपुष्पीचं आयुर्वेदिक औषध घेत होते. डॉक्टर तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी प्रयोगशाळेत उंदरांवर तपासून पाहिलं, आणि दोन्ही औषधं काही दिवस एकत्र दिली की फेनिटॉइनचं रक्तातलं प्रमाण आणि परिणाम दोन्ही कमी होतात, असं आढळलं. १९९२ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं.

आता शंखपुष्पी काही विष नव्हे. परीक्षेच्या दिवसांत 'स्मरणशक्ती वाढते' म्हणून किती घरांत तिचं सिरप आणलं जातं! पण फेनिटॉइन चालू असलेल्या मुलाला तेच सिरप गुपचूप दिलं, तर फिट परत येऊ शकते. मग डॉक्टरांना वाटतं, गोळी कमी पडतेय, ते डोस वाढवतात. उद्या आईने सिरप बंद केलं, की वाढवलेला डोस जास्त होतो आणि मूल झोकांड्या खायला लागतं. कोणाचीच चूक नाही, आणि भोगतं मात्र लेकरू.

याहून मोठा धोका दुसराच. 'आमचं औषध सुरू करायचं तर त्या इंग्लिश गोळ्या बंद करा,' अशी अट काही जण घालतात. मैत्रिणींनो, हे कधीही मान्य करू नका. फिट्सची गोळी एकदम बंद केली तर फिट थांबतच नाही अशी अवस्था येऊ शकते, आणि ती जिवावर बेतते. गोळी बंद करायचीच झाली, तर ज्या डॉक्टरांनी सुरू केली तेच हळूहळू, आठवड्याआठवड्याने कमी करत नेतील. जो कोणी पहिल्याच भेटीत ती थांबवायला सांगेल, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नये.

म्हणजे आजीबाईचा बटवा फेकून द्यायचा का? मुळीच नाही. बाळाला तेल लावायची आपली पद्धतच घ्या. सायन हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी २००५ मध्ये नवजात बाळांवर केलेल्या अभ्यासात, खोबरेल तेलाने मालीश केलेल्या कमी दिवसांच्या बाळांचं वजन इतर बाळांपेक्षा चांगलं वाढल्याचं आढळलं. आजी जे करत होती, ते मोजून बघितलं तर खरं निघालं! सेरेब्रल पाल्सीच्या मुलांनाही हलक्या हाताच्या मालिशीने आराम पडतो, अंग सैल होतं, झोप लागते. आईच्या हाताचा स्पर्श मिळतो तो वेगळाच. मात्र मालीश हा आराम आहे, इलाज नव्हे. मेंदूला झालेली इजा तेलाने भरून येत नाही. आणि जी मुलं उभी राहत नाहीत त्यांची हाडं ठिसूळ होतात, तेव्हा 'नस मोकळी करतो' म्हणून हातपाय ओढणाऱ्याच्या ताब्यात मूल देऊ नये.

आहाराचंही तसंच. 'डाएटने कुठे फिट्स थांबतात का?' असं हसण्यावारी नेऊ नका. केटोजेनिक आहार अमेरिकेत १९२१ पासून फिट्सवर वापरला जातोय. दिल्लीच्या एम्समध्ये याच आहाराच्या जरा सोप्या प्रकाराचा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०१३ मध्ये आले. औषधांना न जुमानणाऱ्या फिट्स असलेली ही मुलं होती. आहार घेणाऱ्या शंभरातल्या ५२ मुलांच्या फिट्स तीन महिन्यांत निम्म्याहून कमी झाल्या. न घेणाऱ्यांत हे प्रमाण शंभरात ११-१२ होतं. मुंबईतले बालमेंदूविकारतज्ज्ञ डॉ. जनक नाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीही भारतीय मुलांना हा आहार देऊन त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध केले होते.

पण हा आहार म्हणजे 'जरा तूप जास्त, भात कमी' असला प्रकार नाही. पोळी, भात, साखर जवळजवळ बंद. तूप, लोणी, साय, पनीर, अंडी, खोबरं हेच मुख्य जेवण, आणि तेही काट्यावर ग्रॅममध्ये तोलून. खोकल्याच्या सिरपमधली साखरसुद्धा चालत नाही. गणपतीत घरभर मोदकांचा वास सुटलेला आणि आपल्या लेकराला एक मोदक देता येत नाही, हे सोसायला आईचं काळीज दगडाचं लागतं. त्यातून आजोबांनी मायेने एक बिस्किट दिलं की केलेलं सगळं वाया! रक्ताच्या तपासण्या, किडनी स्टोनवर लक्ष, आहारतज्ज्ञांची भेट हे सगळं त्यात आलं. डॉक्टरांशिवाय, मोबाइलवर वाचून हा आहार कधीच सुरू करू नये. उलट स्वमग्न मुलांना गहू आणि दूध बंद करायची जी टूम निघाली आहे, तिच्या उपयोगाचा भक्कम पुरावा नाही. आधीच मोजके पदार्थ खाणाऱ्या मुलाचं दूध तोडलं तर हाडांचं काय, हाही विचार हवा.

जीवनसत्त्वांची गंमत बघा. काही थोड्या बाळांच्या फिट्स नेहमीच्या औषधांना दाद देत नाहीत, पण बी-६ जीवनसत्त्वाने थांबतात. त्यांना ते आयुष्यभर घ्यावं लागतं. इथे जीवनसत्त्व हेच औषध. पण ते कोणत्या बाळाला, हे डॉक्टरच ठरवू शकतात. म्हणून सरसकट प्रत्येकाला टॉनिकच्या बाटल्या पाजून काही साधत नाही.

सांगायचा मुद्दा असा, की 'आयुर्वेद विरुद्ध ॲलोपथी' हे भांडणच मला चुकीचं वाटतं. खरा फरक आहे तो तपासलेलं आणि न तपासलेलं यांत. झाडाफुलांवर मराठीत इतकं सुरेख लिहिणाऱ्या डॉ. शरदिनी डहाणूकर आठवतात? त्या केईएममध्ये औषधशास्त्राच्या डॉक्टर होत्या, आणि आयुर्वेदावर प्रेमही करत होत्या. त्यांनी तिथे १९८९ मध्ये आयुर्वेद संशोधन केंद्र उभं केलं. आंधळी भक्ती नाही आणि आंधळी टिंगलही नाही, घ्या आणि तपासा, ही ती वाट. आपल्या मुलांच्या बाबतीत हीच वाट धरायला हवी.

मग न तपासलेलं ओळखायचं कसं? एक खूण सोपी आहे. जो 'पूर्ण बरं करतो' म्हणतो, त्याच्यापासून लांब राहा. १९५४ साली केलेल्या औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यात ज्या आजारांवर इलाजाची जाहिरात करायला बंदी आहे, त्यांच्या यादीत फिट्स, अपस्मार, लकवा, मेंदूचे आणि मज्जासंस्थेचे विकार हे सगळे आहेत. म्हणजे लोकलमधला तो कागद मुळात बेकायदेशीर! सत्तर वर्षांचा जुना कायदा आहे, आणि तरी आपण त्या कागदावरचा नंबर टिपून घेतो.

दुसरी खूण, पुड्यांची. कागदात बांधलेल्या, नाव-गाव नसलेल्या पुड्या कितीही गुणकारी म्हणून सांगितल्या तरी मुलाच्या तोंडात घालू नयेत. २००४ मध्ये अमेरिकेत बोस्टनच्या परिसरातल्या दुकानांतून भारतीय उपखंडात तयार झालेली ७० आयुर्वेदिक औषधं घेऊन तपासली, तेव्हा त्यांतल्या १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. शिसं तर मुलांच्या मेंदूचं उघड वैरी. ज्या मेंदूला बरं करायला निघालो, त्यालाच विष घालायचं?

तिसरी खूण, भलामोठा खर्च आणि भलंमोठं आश्वासन. स्वमग्नतेवर स्टेम सेल उपचार म्हणून लाखोंची बिलं होतात. दागिने मोडून, घर गहाण टाकून आईबाप पैसे उभे करतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये हे स्पष्ट केलं आहे की रक्ताच्या काही ठरावीक आजारांखेरीज इतर ठिकाणी स्टेम सेल हा मान्य उपचार नाही, तो फक्त संशोधनातच करता येतो. डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानेही स्वमग्नतेसाठी त्याची शिफारस करता येत नाही असं सांगितलं. हे पैसे थेरपीला लावले, तर मुलाची किती वर्षं सोपी होतील!

आणि चौथी गोष्ट. फिट आली की कांदा, चप्पल हुंगवणं, तोंडात चमचा घालणं, घट्ट धरून ठेवणं, यातलं काहीही करू नका. मुलाला एका कुशीवर वळवा, आसपासच्या टोकदार वस्तू दूर करा आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर सरळ हॉस्पिटल. नाकात मारायचा मिडॅझोलॅमचा स्प्रे घरी ठेवायचा का, हे आपल्या डॉक्टरांना विचारून ठेवा. तान्हं बाळ झोपेतून उठल्यावर लागोपाठ दचकल्यासारखं करत असेल, मान पुढे टाकून हातपाय आवळत असेल, तर गॅस झालाय म्हणून हिंग लावत बसू नका. मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. काही फिट्स अशाच दिसतात, आणि त्यांत गेलेला एकेक आठवडा बाळाला महाग पडतो.

हे सगळं आईनेच लक्षात ठेवायचं का, असं तुम्ही विचाराल. अगदी रास्त प्रश्न आहे. कारण माझी खरी तक्रार आईबद्दल नाहीच.

ती बाटली का लपवते? कारण कधीतरी तिने खरं सांगितलं होतं, आणि 'शिकलेल्या असून असलं काय करता?' असं चार माणसांत ऐकून घेतलं होतं. पुन्हा कोण तोंड उघडेल? डॉक्टरांनी रागावण्याऐवजी एवढंच विचारावं, 'आणखी काय काय चालू आहे? सगळं घेऊन या, बघू या.' या एका वाक्याने किती मुलांच्या फिट्स आटोक्यात राहतील. वैद्यांनीही गोळ्यांची यादी बघितल्याशिवाय पुडी बांधू नये. एकमेकांना कमी लेखून कोणाचंच शास्त्र मोठं होत नाही.

आणि ही माणसं एका जागी का भेटू नयेत? कल्याणच्या आईचा दिवस डोळ्यांसमोर आणा. मेंदूचे डॉक्टर परळला वाडियात. पुनर्वसनासाठी हाजी अलीच्या सरकारी संस्थेत जायचं, म्हणजे दादरला उतरा, पूल चढा, वेस्टर्नची गाडी पकडा, महालक्ष्मीला उतरा, पुढे टॅक्सी. नऊ-दहा वर्षांचं मूल कडेवर, खांद्याला बॅग, हातात फाइल. दिव्यांगांच्या डब्यात धडधाकट माणसं बसलेली. परत येईतो संध्याकाळ, आणि घरी गेल्यावर 'आज काय म्हणाले डॉक्टर?' विचारणारे पाच जण, पण पुढच्या वेळी बरोबर येणारा एकही नाही. अशा किती बायकांनी नोकरी सोडली असेल, याचा हिशेब कोण ठेवतं?

एका छताखाली सगळं असावं, ही काही परदेशातली कल्पना नाही. मुंबईत डॉ. मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये कुलाब्याला स्पॅस्टिक्स सोसायटीचं काम सुरू केलं, तेव्हा फक्त तीन मुलं होती. त्यांतली एक त्यांचीच मुलगी मालिनी. शाळा आणि उपचार एकाच जागी. मुलाने उपचारासाठी शाळा सोडायची नाही आणि शाळेसाठी उपचार सोडायचे नाहीत. त्या मालिनी चिब पुढे दोन विषयांत एम.ए. झाल्या, त्यांनी स्वतःचं पुस्तक लिहिलं. मनाच्या आरोग्यासाठी आपल्या ठाण्यातच डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये आयपीएच सुरू केलं. मग मेंदूच्या विकारांच्या मुलांसाठी हे का होऊ नये?

सरकारच्या कागदावर तर हे आहेच. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाडीत आणि शाळेत तपासणी आणि जिल्ह्याच्या ठिकाणी एकाच केंद्रात डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, वाचातज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ अशी योजना आहे. पण एक जिल्हा म्हणजे किती माणसं? २०११ च्या जनगणनेत एकट्या ठाणे शहरात १८ लाखांवर आणि कल्याण-डोंबिवलीत १२ लाखांवर लोक होते. त्यानंतर किती इमारती उठल्या, ते आपण रोज बघतोच. म्हणून माझं म्हणणं असं, की महापालिकांनी आपापल्या रुग्णालयांत हे करावं. कळव्याचं शिवाजी रुग्णालय, कल्याणचं रुक्मिणीबाई, डोंबिवलीचं शास्त्रीनगर. आठवड्यातला एक दिवस ठरवा. त्या दिवशी मेंदूविकारतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, तिन्ही थेरपिस्ट, आहारतज्ज्ञ आणि एक शिकलेला आयुर्वेदाचार्य एकाच मजल्यावर बसतील. मुलाची फाइल एकच राहील. जो जे देईल ते त्याच फाइलीत लिहील. यासाठी नवी इमारत लागत नाही, लागते ती इच्छा. मतं मागायला दारी येणाऱ्यांना रस्ते-पाण्याबरोबर हेही विचारा ना!

तोपर्यंत आपल्या हातात काय आहे? एक साधी शंभरपानी वही घ्या. पहिल्या पानावर मुलाच्या सगळ्या औषधांची नावं, डोस आणि सुरू केल्याची तारीख. चूर्ण, तेल, टॉनिक, गोड गोळ्या, एकूण एक. पुढच्या पानांवर फिट कधी आली, किती वेळ टिकली, मूल नवीन काय शिकलं. नवीन काहीही सुरू करण्याआधी तीन प्रश्न विचारा. यात काय काय आहे? चालू औषधाबरोबर चालेल का? आणि किती महिन्यांत फरक दिसला नाही तर थांबवायचं? तिसऱ्या प्रश्नाला 'श्रद्धा ठेवा' असं उत्तर आलं, तर नमस्कार करून उठा.

पैशांच्या बाबतीतही एक लक्षात ठेवा. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असलेल्यांसाठी नॅशनल ट्रस्टची 'निरामय' ही आरोग्य विमा योजना आहे. वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत खर्च मिळतो, थेरपीचाही. आधी वैद्यकीय तपासणीची अट नाही. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र काढायला कमीपणा वाटून घेऊ नका. त्या कागदाने मूल दिव्यांग होत नाही, त्याला त्याचा हक्क मिळतो.

आणि घरातल्यांना एक सांगणं. तिने ग्रहण पाळलं नाही, डोहाळे पुरवले नाहीत, म्हणून मूल असं झालेलं नाही. वेळेआधी जन्म, जन्मताना प्राणवायू कमी पडणं, वाढलेली कावीळ, मेंदूचा जंतुसंसर्ग, जनुकांतले बदल, अशी कारणं असतात, आणि कित्येकदा कारण सापडतही नाही. तिला दोष देण्यापेक्षा थेरपीच्या दिवशी बाबांनी अर्धी रजा टाकावी. आजीने ते व्यायाम शिकून घ्यावेत. घरच्यांची एकजूट झाली, की अर्धा एकात्मिक उपचार तिथेच झाला म्हणून समजा.

तेव्हा पुढच्या भेटीला जाल तेव्हा वही न्या, आणि घरात मुलासाठी आणलेली प्रत्येक बाटली, प्रत्येक पुडी बरोबर न्या. डॉक्टरांच्या टेबलावर मांडून ठेवा. रागावले तर रागावू देत. शांतपणे म्हणा, 'रागावून झालं असेल, तर आता यातलं काय ठेवायचं आणि काय टाकायचं, ते सांगा.' आपल्या मुलासाठी एवढं विचारायचा आईला पुरेपूर हक्क आहे.